काळजीचा तांब्या

आयाबायांनो, भाऊहो आणि खालच्या तांड्यावरून आलेल्या पाहुण्यांनो,

पारावर आज एवढी माणसं पाहून ऊर भरून येतो. मला बोलायची सवय नाही, शाळा चौथीतच सुटली. त्यात हा माईक मघापासून खरखरतो आहे. मध्येच बंद पडला तर काय, हीच मला भीती.

आपल्या शेवंताबाई गेल्या आठवड्यात गेल्या. आज रडायचं नाही, असं मी ठरवून आलो. कारण त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "देवरावभाऊ, हे डोयातलं पाणी कोणत्या बादलीत टाकू?"

हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

पाण्याचा ताळेबंद या गावात आणला तो त्यांनी. दरवर्षी दिवाळीनंतर, गहू पेरायच्या आधी, याच पारावर पितळी घंगाळ मांडायचं. आपल्या नाल्याच्या खोऱ्यात जेवढा पाऊस झाला, त्या मानाने ते भरायचं. मग तांब्याने उपसून बादल्यांत वाटायचं. हे उन्हाने उडालं. हे वाहून गेलं. हे कपाशी-तूर प्यायली. उरलं ते जमिनीत मुरलेलं. त्यातून आधी माणसं, मग गुरं, मग खालचा तांडा. आणि शेवटी गहू.

पहिल्या वर्षी काय झालं, आठवतं? शेवटचा थेंबही आपण गव्हाच्या बादलीत ओतला. घंगाळ कोरडं! जमा-खर्च जुळला म्हणून टाळ्या वाजवल्या. मी एकटा कुरकुरलो, "अन् पुढचा पाऊस लांबला तं?"

"या बुढ्याले वरातीतही मयतच दिसते!" कोणीतरी मागून ओरडलं. कोण ते मला माहीत आहे. आज तो पुढेच बसला आहे.

सगळ्यांत मोठ्याने शेवंताबाईच हसल्या. पण हसता हसता त्यांनी गव्हाच्या बादलीतून एक तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला. "हा देवरावभाऊच्या काळजीचा. याले कोणी हात लावाचा नाही." त्या वर्षी तेवढा गहू कमी पेरला.

पुढच्या मृगात ढग आलेच नाहीत. तरी गावविहिरीत पाणी होतं. हौदापाशी उभ्या राहून बाई हाका मारत होत्या, "देवरावभाऊ, या पाहाले! तुमची काळजी बैल पिऊन राह्यले!"

माझ्या काळजीला घरचे जन्मभर वैतागले. या बाईने तिला कामाला लावलं. याहून मोठा मान कोणता?

आता बाई नाहीत, तर यंदा ताळेबंद राहू द्या, असं कानावर आलं. तेव्हापासून मला घास उतरत नाही. राहू द्या? बियाणं घरोघरी येऊन पडलं आहे. आज हिशोब झाला नाही, तर उद्या जो तो आपापली मोटर लावील. मग खालच्या तांड्याने काय करायचं? गुरांनी काय करायचं?

म्हणून घंगाळ मी भरून आणलं आहे. हे पाहा. बादल्याही मांडल्या आहेत.

बाई माझा तांब्या शेवटी भरायच्या. मी भित्रा माणूस. मी तो आधी भरणार.

चला, उभे राहू. कोणी डोळे मिटू नका. सांडलं तर सांगायला कोणी हवं. फक्त हा तांब्या भरेपर्यंत गप्प राहू, आणि पाण्याचा आवाज ऐकू.

शेवंताबाई, भरतो आहे.