गेरूचा हात

—नाई, हात नाई लावला म्या, अन् लावला तरी काय, दरवाजा माहाच हाये. वाच ना पोरी ही तुमची पाटी, 'पुरात वाहून आलेला दरवाजा, रिठद' — आला कायचा, गेलता. बाभळीत अडकला, तवा म्या अन् भागवतनं वढून आणला. भागवत माहा पोरगा. त्यानंच देल्ला तुमाले, म्हणे बाबा, घरी वाळवी खाईन, म्युझियममंदी साजरा राह्यते. साजरा म्हणे — पल्याडच्या खोलीत पुराचा देखावा, बटन दाबलं का वीज कडाडते अन् पोट्टे हासून राह्यले. पूर काय हासाची गोष्ट हाये? जाऊ दे, म्या त्याच्यासाठी नाई आलो. ह्याच्यावरचा हात कुठी गेला ते सांग.

कोणाचा म्हणजे? भागवतच्या मायचा. पोरीच्या लग्नात लोकं दरवाज्यावर हळदीचे हात उठवतात, हिनं गेरू कालवला, तोबी जवसाच्या तेलात — म्हणे टिकते. साऱ्या बायका हासल्या तिले. पण टिकला ना? घरात आढ्यापर्यंत पाणी, फोटोंचा लगदा झाला, हात काही गेला नाई. अन् तुमी पालिश मारून बसले. ती गेली मांगच्या पोळ्याले. नात इचारते, आजी कशी दिसे — काय दाखवू तिले? म्हणून तर यष्टी धरून आलो, म्हटलं एकडाव हातावर हात ठेवून पाह्यतो. माह्या छातीइतका होता तो, ह्या इथंच, वर कडी अन् खाली हात. पाह्य, कोरं लाकूड हाये. पुरानं ठेवलं ते तुमी खाल्लं.

काय म्हणतं, पालिश नाई, नुसतं फडक्यानं पुसलं? मले नको शिकवू, म्या काय आंधळा — थांब. कडी कुठी हाये? वर दिसत नाई. खाली… कडी खाली काहून? अवो बाई, उलटा उभा केला ना तुमी दरवाजा, अन् म्याबी कवाचा वरच धुंडून राह्यलो. सरकव ती खाली टेकवलेली पाटी. सरकव म्हणतो ना.

हं.

बोटं जमिनीकडं झाले. करंगळी वाकडीच हाये — विळा लागलता तिले, तूर सोंगताना. नाई, सरळ नको करू आता, राहू दे. म्या बसतो खालीच. तू जाय, त्या पोट्ट्याईले बटन दाबून दे. जाय म्हणतो ना, कायले उभी राह्यली?