कामगारामागे एक लस

(तळेगावचा एक दवाखाना. भिकाजींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. नर्स रुपाली त्यांच्याच गावची, टाकव्याची.)

भिकाजी — म्हंजी ती फ्लूची लस पान्यात गेली म्हन की.

रुपाली — पाण्यात नाही, आबा. ती नसती तर कदाचित इथं बोलत बसला नसता. पण वय बहात्तर, शुगर वीस वर्षांची. लस अंगाला लढायला शिकवते. तरण्या अंगाला पटकन कळतं. तुमचं अंग शिकतं ते उशिरा, अर्धवट, आणि विसरतंही लवकर.

भिकाजी — शाळंत बी मी असाच व्हतो. गुरुजींनी चौथीत दोनदा बसवलं.

रुपाली — हसू नका, धाप लागते.

भिकाजी — बरं, ह्यो ताप घरात आनला कुनी? मी तर म्हयनाभर खाचराच्या फुडं गेलो न्हाई.

रुपाली — आणला असेल कुणीतरी.

भिकाजी — तुला खोटं बोलाया येत न्हाई. तुझ्या आईला बी येत न्हवतं. आमचा सुरज चार दिस खोकत व्हता. रजा मिळंना म्हनून गोळ्या खाऊन कंपनीत जायचा, अन् आल्यावर माझं पाय चेपत बसायचा.

रुपाली — त्यानं लस नव्हती घेतली?

भिकाजी — कंपनीच्या शिबिरात कामगारामागं एकच व्हती. सोताला टोचा, नायतर घरच्या म्हाताऱ्याला द्या. पोरानं माझं नाव लिवलं. त्येची आई आळीभर सांगत फिरली, लेक असावा तर असा.

रुपाली — तुम्हाला दिली ते बरोबरच केलं, आबा. पण त्यानं बाहेर जाऊन स्वतःही घ्यायची होती. त्याच्या अंगाला ती चांगली लागू पडली असती. तुमच्याभोवती कुंपण झालं असतं.

भिकाजी — ...हे त्येला सांगू नगंस.

रुपाली — सांगावंच लागेल. काल जिन्यात भेटला तर म्हणत होता, लस म्हणजे सगळ्या थापा, आता घरात कुणाला टोचू देणार नाही. त्याच्या आईला, येसूमावशीलाही शुगर आहे ना?

भिकाजी — हाय की. पर सांगितलंस तर त्येला जल्मभर खाईल ते. मी उठलो तरी खाईल. न्हाई उठलो तर इचारूच नगं.

रुपाली — मग त्याला सांगू तरी काय?

भिकाजी — ल्हानपनी सुई दिसली की पळायचा. शाळंत डॉक्टर आलं की आधी मी माझा दंड फुडं करायचो, डॉक्टर नुसतं टोचल्यागत करायचं, मंग ह्यो बसायचा. लय वर्सं फसला.

रुपाली — बरं, मग?

भिकाजी — त्येला म्हन, फुडल्या साली आधी तू टोचून घे. मंग आईला न्ये. मी असलो तर मागनं येतो.

रुपाली — का म्हणून विचारेल.

भिकाजी — म्हनावं, आबा आता सुईला भितो. कुनीतरी आधी दंड फुडं कराया हवा.