अठ्ठावीसपैकी दोन

(ब्राझीलमधलं रोंडोनोपोलिस. रविवारी दुपारचं जेवण. ट्रक ड्रायव्हर वाल्देसी, बायको इव्होनेची, मुलगी थायनारा. सोयाबीन भरलेला ट्रक दारात उभा.)

थायनारा : सरळ विचारते बाबा, जागं राहायची गोळी न घेता तू शेवटचा ट्रक कधी चालवलास?

वाल्देसी : हे कोणी पढवलं?

थायनारा : वर्गातल्या केलेन आणि राइसानं. म्हणाल्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. दाखवलं. आता सांग.

इव्होनेची : त्याला जेवू दे. मँडिओकाच्या कंदाचं पीठ दे इकडे.

वाल्देसी : दोन महिने झाले गोळी सोडून. दवाखान्याच्या कागदावर आहे की. झोपेचे सात प्रश्न, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, आणि मला अठ्ठावीसपैकी दोन. नर्सबाई म्हणाल्या, झोप उत्तम आहे, मंगळवारी निघा सांतोस बंदराला.

थायनारा : तो कागद मी भरलाय. तू गाडी चालवता चालवता फोनवर सांगत होतास, मी इथे गोल करत होते. झोप लागायला त्रास? शून्य. मध्येच जाग येते? शून्य. शाळेत मलाही एवढी भराभर उत्तरं कधी सुचत नाहीत.

वाल्देसी : मग खोटं काय त्यात? त्रास होतो का, असं विचारलं. तीन-तीन रात्री मी आडवाच होत नाही, मग त्रास कसला? आणि आडवा झालो की मेल्यासारखा झोपतो. कुठल्याही ड्रायव्हरला विचार, शून्यच सांगेल.

थायनारा : कुठल्याही ड्रायव्हरच्या खिशातल्या गोळ्याही बघू का मग?

इव्होनेची : तोंड सांभाळ. बापाशी बोलतेयस.

थायनारा : बरं. गुरुवारी त्यानं फोनवर पाठवलेला आवाज ऐकवू तुला?

वाल्देसी : पोरीशी बोलावंसं वाटलं, हाही गुन्हा?

थायनारा : माझ्याशी कुठे बोलत होतास? शेजारच्या सीटवर गाय बसली होती तुझ्या. तिला सांगत होतास, शिंग बाजूला घे, आरसा दिसत नाही.

इव्होनेची : गाय?

वाल्देसी : गंमत केली गं.

इव्होनेची : माझ्याकडे बघून सांग.

वाल्देसी : काय सांगू? कागद बदलला की चाव्या काढून घेतील. बावीस वर्षं चालवतोय मी. दुसरं येतं काय मला? हिला बाप घरात बसलेला हवाय.

थायनारा : हो, हवाय. चिडलेला, दार आपटणारा, माझ्याशी एक शब्द न बोलणारा. चालेल.

वाल्देसी : फार शहाणी झालीस.

इव्होनेची : थायना, तू गप्प राहा. मी बोलते त्याच्याशी.

थायनारा : तू दोन महिने बोलतेयस, आई. आता दोघं ऐका. उद्या सातला दवाखाना उघडतो. शाळेच्या आधी मी जाणार आहे आणि नर्सबाईंना तो आवाज ऐकवणार आहे. बाबा, तू बरोबर आलास तर मला बरं वाटेल. नाही आलास, तरी मी जाणार.