व्यंकय्याच्या टोपीविषयी

मंडळी, ही टोपी मी शिवली. तिच्याखालचा सदरा मी शिवला. व्यंकय्याच्या दोन्ही पोरींची परकर-पोलकी माझ्याच हातची. परवा त्याला गुंडाळलं ते कापड मात्र नुसतं फाडलं. त्याला टाका घालत नाहीत. शिवणकाम मला कोणी शिकवलं नाही, जुने कोट उसवून शिकलो. बोलायला तर कोणीच शिकवलं नाही. पण मार्शल लॉ उठल्यावर एवढे जमला आहात, तर ऐकून जा.

व्यंकय्या मागावर लुगडी विणायचा. कोणी विचारलं असतं, तू कोण, तर म्हणाला असता, जातीनं पद्मसाळी, विणकर. ही टोपी घालायचा ती ऊन लागतं म्हणून. मग हुकूम निघाला, पांढरी टोपी म्हणजे स्वराज्यवाला, दिसली की मार. एका दिवसात सरकारनंच त्याला हिंदी, म्हणजे या देशाचा, करून टाकलं. आपलं राष्ट्र आपल्याला साहेबानं दाखवलं, याचा अभिमान कसला धरता?

नवी पेठेत तुम्ही सगळे बोडके फिरू लागलात. हा एकटा टोपी घालून आला. हवालदार आपल्याच मुलखातला. म्हणाला, "काड टोपी."

"दादा, घरात कुनी मेल्यावर डोकं उघडं करतेत आमच्यात."

"मग कर की. मरायला कितीसा येळ लागतोय?"

ओट्यावरचे दोघे हसले. नावं घेत नाही. ते पुढच्या रांगेत आहेत. मग हवालदाराबरोबरच्या गोऱ्या शिपायाच्या बंदुकीचा दस्ता, कानामागे, तीनदा. तुम्ही दुकानांना फळ्या लावल्या. मी? मी मशीनवरून उठलो नाही. तेही ऐकून ठेवा.

जिल्ह्याचे मोठे साहेब मागे इथं भाषणात म्हणाले होते, आमच्या राज्यात प्रत्येक माणसाला हक्क आहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आहेत की. फक्त माणूस कोणाला म्हणायचं, ते साहेब ठरवतात.

दोन महिने अंथरुणावर काढून व्यंकय्या गेला. उद्या त्याची बायको नरसम्मा, ही इथं बसली आहे, चौकशी मागायला जाणार. तिच्यापुढे एक कागद ठेवतील: मयत जिन्यावरून पडला. खाली अकरा सह्या, इथल्याच. मंडळी, त्याच्या घराला जिना नाही. एक खोली आणि एक उंबरा.

आता दोन मिनिटं उभं राहू. सह्या करणाऱ्यांनी बसून राहावं, म्हणजे नरसम्माला तोंडं दिसतील.

बारावी सही माझी हवी होती. बदल्यात पोलिसांच्या वर्द्या शिवायचं वर्षभराचं काम आणि रोख दीडशे रुपये देत होते. मी नाही म्हणालो.