केवळरामची नाव

— नाही जी, दगड लागला होता तिथं, बाकी काही नाही. तीन वर्साआधीची गोष्ट. फळी बदलवली, सांधे राळ-तेलानं भरले, नाव इकत घेता तर पाहा हात लावून, एक थेंब येते का आतमंधी? नाही ना? मंग! अन् बसा सुदे टेकचंदभाऊ, उभे नोका राहू मधात, ही वैनगंगेची धार आहे, तुमच्या नवेगावच्या तलावासारखं साचलेलं पाणी नाही. सगळी सागाची आहे. माह्या घरधन्यानं, केवळरामनं, सोताच्या हातानं बांधली, आमच्या लग्नाच्या वर्सी. माह्या डोक्याले तेल नसे पण नावेले दर पोळ्याले जवसाचं तेल पाजे — हो, पाजेच म्हणतो मी, असा बसे मांडी घालून अन् चोळे, का लेकराले कोणी चोळणार नाही. काय म्हणता? बाईमाणसाले आवरते का? आवरून राह्यली ना तुमच्या डोळ्यापुढं! त्याचा उजवा हात मोडला तवा मीच चालवली पंधरा दिवस, भर श्रावणात, दोन्ही काठ पाण्याखाली होते तवा. एका बांबूनं वळते. इतकी सुदी आहे बिचारी.

केवळराम? घरी नाही तो. नागपूरच्या जेलात आहे, पाच वर्स झाले. तुम्हाले कोणी सांगितलं नाही? अरे बापा! अन् मी समजली तुम्ही सगळं पुसपास करून आले. दुलीचंदाले मारलं ना त्यानं, मालगुजाराच्या लठैताले, त्याच्या लाठीवाल्या गुंडाले. मालगुजारी गेली तरी त्या मुडद्याचा माज नव्हता गेला. झालं काय, एक अडलेली बाई आली घाटावर, बाजेवर टाकून आणलेली, केवळरामनं तिले पैले पार नेलं, अन् दुलीचंद राह्यला काठावर उभा. बस! नाव वापस आल्यावर धरला त्यानं ह्याले गचांडीले, हाताचा पंजा ठेवला नावेच्या काठावर अन् लाठीच्या लोखंडी बुडानं कुटला, धान कुटतात तसा. हाडूक बाहेर आलं जी. सारा घाट पाहून राह्यला होता, कोणी मधात नाही पडलं. मंग त्याच श्रावणात केवळरामनं दुलीचंदाले मधधारेत बांबूनं हाणलं. तीन घाव, अन् तिसऱ्यात कवटी फुटली. कचेरीत कबूल केलं त्यानं, माह्याच हातून झालं म्हणे, अन् वकिलानं भांडणात लागला घाव असं सांगितलं म्हणून फाशी चुकली —

काय? मोडक्या हातानं कसा हाणला? कोणता हात? … मी कवा म्हणलं मोडला होता म्हणून?

म्हणलं. हो. मीच म्हणलं.

बसा. बसा म्हणतो ना! हलू नोका, नाव कलंडते. पोहता येते का तुम्हाले? आपल्या नावाडी-ढिवराले कायले नाही येत, पण इथं खाली डोह आहे, ह्या डोहातून पोहून कोणी निंगत नाही. असे पाहू नोका माह्याकडे. काही करत नाही मी तुम्हाले. करायचं असतं तर बोलत बसली असती का?

बरं मंग आयका. आता अर्धं कायले ठेवू. आमच्या घाटाची रीत तुम्हाले माहीत आहे — पलीकडून कोणीबी हाक मारली का जायचं. चोर असो, वैरी असो. वर्साचं धान खातो ना आम्ही दोन्ही काठच्या गावाचं, नाही म्हणायची सोय नाही. तर पंधराव्या दिशी दुलीचंदानं हाक मारली, "नाव लाव गा!" केवळराम घरी, हात हळदीत गुंडाळून विव्हळून राह्यला होता. मी गेली. बसला तो, तुम्ही बसले ना तिथंच, पाय पसरून. देवाशप्पथ, मी खाली मान घालून बांबू टाकून राह्यली होती. मधात आलो तर हासला अन् म्हणते, "केवळ्याले सांगजो, दुसरा हात बाकी आहे." असं, पान खाता खाता. मंग मी बांबू वर उचलला. पैला कानाखाली लागला, दुसरा तोंडावर, दात उडाले त्याचे, एक तं माह्या लुगड्यावर पडला. पाण्यात गेला तरी नाव धरून लोंबकळे, "बाई, बाई, माफ कर" म्हणे. मी त्याचे बोटं ठेचले. एकेक बोट. अन् मंग डोक्यात घातला. मले बरं वाटलं भाऊ, खोटं कायले बोलू? अजूनबी आठवलं का बरंच वाटते.

घरी येऊन सांगितलं तर केवळराम उठला अन् मोडका हात घेऊन ठाण्यात गेला. सारं गाव एक झालं, झटापटीतच हात मोडला म्हणून सांगितलं सगळ्यानं. त्या मुडद्यासाठी कोण खरं बोलते? मी रडत रडत म्हणली, हा माणूस माह्यासाठी जेलात गेला. वर्सभर ह्याच्यावर जगली मी! मंग नागपूरले भेटाले गेली. जाळीच्या पलीकडून पैलं काय पुसलं त्यानं? "नाव उन्हात तं नाही ना ठेवली?" दुसऱ्या वर्सी मी म्हणलं, माही माय मेली. तो म्हणते, "हो का? अन् तळ सुकू नोको देऊ." मंग समजलं मले. आपल्या ढिवराच्या जातपंचाईतीचा कायदा काय आहे? बाई चालवत असली अन् कोणी बुडालं तर नाव फोडून जाळाची. माणूस चालवत असला तर नारळ फोडला का झालं. नावेसाठी गेला हो तो! माह्यासाठी नाही. तिचं जळणं वाचवाले गेला!

तो दगड नव्हता, कुऱ्हाड होती. मीच घातली. नागपूरवरून आली अन् तशीच घाटावर गेली, दोन घाव घातले, तिसरा उचलला अन् हातच खाली आले. मंग मीच फळी बसवली, मीच राळ भरली. कायले भरली? मले काय माहीत! इतक्या वर्साची सवत, पण मारली नाही गेली.

येत्या परवा सुटून राह्यला तो. तो घाटावर यावा अन् नाव नसावी, एवढंच पाह्यजे मले. एक डाव तरी घरात येऊन माह्या तोंडाकडे पाहील ना? का नाही? तुम्ही बाटलेली नाव नाही घेत म्हणाल, तर नोका घेऊ, सांगा पंचाले, मी कोणाले भेत नाही आता. पण हात तर तुमचा फिरून राह्यला फळीवर, मगापासून पाहून राह्यली मी. त्याचाबी असाच फिरे. तुम्ही सांभाळान तिले.

हे पाहा, आला घाट. मी उतरतो, तुम्ही बांबू धरा. पैशाचं राहू द्या, जा धारेधारेनं खाली, वळून नोका पाहू. तो येईल तुमच्याकडे, पक्का येईल, दोन दिसात हुडकून काढील तिले. सांगजा, बुडाली. डोहात गेली, फळीबी नाही सापडली. लय रडला तर बसू देजा पडवीत घडीभर, पाणी देजा. अन् माह्याबद्दल काही पुसलं तर म्हणजा, तुही बायको शामकला —

नाही. ते नाही पुसत तो. निंगा तुम्ही. निंगा म्हणतो ना!