फ्यूजबोर्डामागची शीट

रंगारी : ते राहू दे आता. ड्रिल खाली ठेव आणि इकडे ये, अगदी माझ्याजवळ. एक गोष्ट सांगतो तुला.

वायरमन : तिथूनच सांगा ना, भावोजी. ऐकू येतंय.

रंगारी : ही लांबून सांगायची गोष्ट नाही. बायकोच्या भावाला जरा जवळ बसवून घ्यावंसं वाटलं तर तेवढंही नको का? ये.

वायरमन : एक भोक राहिलंय.

रंगारी : राहिलं तर राहू दे. हळू ये. पाय घासू नकोस, उचलून टाक. हं, असा. बस या पायरीवर. थांब, दार ओढून घेतो... झालं.

वायरमन : दार कशाला लावलंत?

रंगारी : आतली धूळ आतच राहावी म्हणून. आता ऐक. एक होता वायरमन. कामाला वाघ, पण कटकट्या असा, की त्याच्याबरोबर काम करायचं म्हटलं की सुतारापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. जुनं घर दिसलं की हा आधी टॉर्च घेऊन फिरणार. पाइपाला गुंडाळलेलं ते पांढरं काय आहे, छताची शीट कसली, फरशीखालचा गोंद कसला. बाकीच्यांचं निम्मं काम उरकायचं आणि हे महाराज अजून भिंतीला नाक लावून उभे.

वायरमन : भावोजी, तुमचं कीर्तन नको आज.

रंगारी : अरे, अजून पूर्वरंगसुद्धा झाला नाही. तर या वायरमनला एक मेहुणा होता, रंगारी. साधा, गरीब, देवभोळा माणूस.

वायरमन : गरीब!

रंगारी : मधे बोलू नये. हा रंगारी एकदा एका जुन्या घरात शिडीवर चढून छत घासायला लागला. कोरड्या पॉलिश पेपरनं. वायरमननं काय करावं? शिडीखाली येऊन त्याच्या पँटचा पाय धरून खाली ओढला. सगळ्यांसमोर! वर म्हणाला, हे छत घासलंत तर ताईला तोंड दाखवू नका. रंगारी चिडला, लाल झाला, पण उतरला. आणि पुढे तपासणीत निघालं, छतात तेच होतं. अ‍ॅस्बेस्टॉस.

वायरमन : आठवतंय मला.

रंगारी : आठवतंय ना? तर तोच वायरमन आज एका फ्यूजबोर्डासमोर उभा राहिला. बोर्डामागे करडी शीट. आग पसरू नये म्हणून जुन्या काळी ठोकायचे, ती. त्यानं पाहिली आणि तोंडाला काही न लावता सरळ ड्रिल घातला. गोष्ट मला इथपर्यंतच येते. पुढची तू सांग.

वायरमन : पुढे काही नाही. भोकं पडली.

रंगारी : ओळखली नव्हतीस?

वायरमन : ओळखली होती.

रंगारी : कधी?

वायरमन : बोर्डाचं कपाट उघडलं तेव्हाच. टॉर्चही लागला नाही.

रंगारी : आणि तरी?

वायरमन : तरी. डोकं म्हणालं, थांब. हात चालूच राहिला. मी बघत होतो हाताकडे. दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

रंगारी : मास्क कुठाय तुझा?

वायरमन : घरी. खिळ्याला.

रंगारी : कधीपासून?

वायरमन : आप्पा गेले तेव्हापासून.

रंगारी : अरे देवा! आणि मी तुझ्या ताईला रोज सांगतो, अगं तो बरा आहे, वेळेवर जेवतो, कामाला जातो, कोणाशी भांडत नाही...

वायरमन : बराच आहे. मला काही होत नाही. मास्क लावला की आपलाच श्वास कानात ऐकू येतो, भावोजी. आत, बाहेर. आत, बाहेर. शेवटी शेवटी आप्पांचा यायचा ना, नळी लावल्यावर, तसाच. म्हणून काढून ठेवला. काढला की काही ऐकू येत नाही. ते बरं वाटतं. म्हणजे, बरंही नाही. काहीच वाटत नाही.

रंगारी : जन्मभर बॉयलरना याच अ‍ॅस्बेस्टॉसचे लेप लावले तुझ्या आप्पांनी. बादलीत हातानं कालवून.

वायरमन : पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन घरी यायचे. ओणवे व्हायचे बूट काढायला, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या पाठीवर बोटानं चित्रं काढायचो. मी गाड्या. ताई फुलं.

रंगारी : हे मला तिनं कधी सांगितलं नाही.

वायरमन : नाही सांगणार.

रंगारी : ...बरं. तुझ्या जिवाचं काय करायचं ते मी नंतर बघतो, सोडणार नाही तुला. पण थोड्या वेळानं या खोलीत कोण येणार आहे, लक्षात आहे ना?

वायरमन : घरमालकीण काकूंची लेक. दवाखान्यातून.

रंगारी : एकटी नाही. अंगावर बाळ आहे तिच्या. या घराची नात! काकूंनी पडदे लावायला माणूससुद्धा बोलावला नाही, स्टुलावर चढून स्वतः लावले.

वायरमन : झाडू द्या. झाडून टाकतो आणि जोडणी पुरी करतो.

रंगारी : झाडू? कोरड्या झाडूनं ती धूळ उठते आणि खोलीभर तरंगत राहते, हे मला कोणी शिकवलं?

वायरमन : मी.

रंगारी : मग?

वायरमन : मग तुम्ही सांगा काय करू.

रंगारी : असं करू. मी ओल्या फडक्यानं हळूच टिपून घेतो. भोकं पुट्टीनं बुजवतो, शीटवर जाड रंगाचे दोन हात मारतो. कपाट बंद. काकूंना काही बोलायचं नाही.

वायरमन : बोलायचं नाही?

रंगारी : तुला या घरात आणलं कोणी? मी. आमचा मेहुणा म्हणजे हिरा आहे, असं सांगून आणलं. आता त्या माउलीला काय सांगू, की हिऱ्यानं तुमच्या नातीच्या खोलीत विष उधळलं? हाय खाईल ती. आणि ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. देव बघून घेईल.

वायरमन : देवाला कशाला त्यात घालता?

रंगारी : मग कोणाला घालू? भित्रा आहे रे मी. कीर्तन करण्यापुरता शूर.

वायरमन : चालेल. तुम्ही म्हणता तसं.

रंगारी : चालेल म्हणू नकोस! ओरड माझ्यावर. पँटचा पाय ओढ माझ्या.

वायरमन : ओरडायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

घरमालकीण : झालं का हो? दोघंही पायरीवर टेकलात म्हणजे झालंच म्हणायचं. लेकीचा फोन आला, डॉक्टरांनी सोडलं. कागदपत्रं झाली की निघतायत.

रंगारी : हो काकू. म्हणजे, झाल्यातच जमा आहे. जरा पुसापुशी तेवढी...

घरमालकीण : ती माझ्यावर सोडा. तुम्ही पुरुष कोपरे सोडून पुसता. बघा, झाडू घेऊनच आलेय मी. सरका जरा, दार उघडू दे. या खोलीचा पहिला केर मी काढणार, हे माझं कधीचं ठरलंय.

रंगारी : काकू, कशाला तुम्ही... रंगाचा वास आहे अजून...

घरमालकीण : वासानं काय होतंय मला? अगंबाई, छान उजेड आलाय हो या रंगानं! आणि हे काय, कपाटाखाली पिठासारखा सडा पडलाय तो? थांबा, एक हात फिरवते की...

वायरमन : हात लावू नका!

(झाडू जमिनीवर पडतो.)

घरमालकीण : केवढ्यानं ओरडलात! काळीज धडधडतंय माझं.

वायरमन : बाहेर या, काकू. वाकू नका. तशाच मागे मागे या. झाडू तिथेच राहू द्या. चपला उंबऱ्याच्या आत काढा.

घरमालकीण : करंट उतरलाय का भिंतीत?

वायरमन : करंट असता तर बरं होतं. तो लगेच कळतो. बोर्डामागे जी शीट आहे ना, ती अ‍ॅस्बेस्टॉसची आहे. कोणी छेडलं नाही तर ती गप्प असते. मी तिला भोकं पाडली. तो सडा तिचा आहे. श्वासातून छातीत गेला की तिथेच बसतो, आणि माणसाला वीस-तीस वर्षांनी कळतं.

घरमालकीण : नक्की?

वायरमन : तुकडा तपासायला दिल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही. पण तोवर आहे असंच धरायचं.

घरमालकीण : आणि हे तुम्हाला आत्ता कळलं?

वायरमन : नाही. भोक पाडायच्या आधी.

घरमालकीण : आधी? माहीत असताना पाडलीत?

वायरमन : हो.

घरमालकीण : माझी लेक एवढ्याशा जिवाला घेऊन येतेय इथे आणि तुम्ही... अहो, माणूस आहात की कोण आहात तुम्ही?

रंगारी : काकू, त्याचे वडील नुकतेच...

वायरमन : ते मधे आणू नका, भावोजी. त्यांनी बरोबर विचारलंय.

घरमालकीण : मग आता मी काय करू? सांगा ना! असे पुतळ्यासारखे उभे काय राहता?

वायरमन : आधी फोन करा. आज बाळाला या घरात आणू नका. दुसरीकडे सोय होईल?

घरमालकीण : तिच्या नणंदेकडे होईल. पण सगळी तयारी मी इथे केली होती हो.

वायरमन : खोली बंद ठेवायची. फटींना मी आत्ताच चिकटपट्टी लावतो. हे काम करायला परवाना असलेली माणसं असतात, अंगभर झाकून येतात. ती शीट काढतील, खोली साफ करतील, हवा तपासतील. त्यांनी सांगितल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. माझे कपडे ओले करून इथेच पिशवीत बांधतो. भावोजी, तुमचेही.

रंगारी : माझे कशाला? मी तर दारात होतो.

वायरमन : ताईला झटकायला देणार आहात का ते?

रंगारी : ...आण ती पिशवी.

घरमालकीण : हॅलो... हो, मीच. अगं ऐक, तू आज नणंदेकडे जा. सांगते सगळं, सावकाश सांगते... नाही गं, मी कुठे रडतेय? इथे धूळ आहे जरा... नाही, नाही, डोळे नाही चोळत... झोपलीय का ती? असू दे, उठवू नकोस. ठेवते.

रंगारी : काकू, चूक माझीही आहे. मी तर गुपचूप पुसून वर रंग द्यायला निघालो होतो.

घरमालकीण : कळलं मला ते, तुमचं पुसापुशीचं. वायरमनदादा, तुम्हीही गप्प बसला असतात तर मला काय कळणार होतं?

वायरमन : नसतं कळलं.

घरमालकीण : मग का बोललात?

वायरमन : माहीत नाही. तुम्ही वाकलात. आप्पाही घरी आले की असेच वाकायचे. तेवढंच दिसलं.

घरमालकीण : वडील यानंच गेले का?

वायरमन : यानंच.

घरमालकीण : ही शीट त्यांनी लावलेली...?

वायरमन : नाही. ते बॉयलरचं काम करायचे. ही दुसऱ्या कोणीतरी लावली. खिळे बघितले मी, एका ओळीत आहेत, सगळ्यांत सारखं अंतर. कपाटाच्या आत कोण बघणार होतं? पण मन लावून केलंय. इथेच बसून करवतीनं कापली असणार, तोंडाला काही न बांधता.

घरमालकीण : असतील का हो ते अजून?

वायरमन : वाटत नाही.

घरमालकीण : तुमचा राग आलाय मला. अजून गेला नाही.

वायरमन : असू द्या. एक मागू का, काकू?

घरमालकीण : मागा.

वायरमन : नातीसाठी देवाला हात जोडाल, तेव्हा त्या शीटवाल्याचीही आठवण काढा. मला अजून हात जोडणं जमत नाही. ‘हात लावू नको’ म्हणून त्याच्यावर कोणी ओरडलं नव्हतं.