अरीबाचा तिसरा फोटो

—हाव, हाव, तोच कोट आहे. माह्या निकाहचा. अर्ध्या वरोऱ्याच्या बायोडाट्यावर हाच कोट आहे, कुलदीप — तुह्या बाबाच्या ऊर्जानगरच्या नोकरीच्या फोटोतबी हाच, विचार देवाजीभाऊले. ढिला होते? होऊ दे. मांगून चार चिमटे लावतो, कपडे वाळू घालाचे. फोटोत मांगचं कोण पाह्यते? पण दोन वर्षं लंडनले शिकला अन् एक कोट नाई घेतला काय तू? बरं, राहू दे. मान सरळ. हासू नको. व्हिसाच्या फोटोत हासाचं नसते. दात दाखवशील तं तिथला साहेब म्हणन, हा कामाले नाई, सुट्टीवर चालला.

किती अर्ज केले म्हणला? नव्वद? बाप्पा. अन् उत्तरं चार. म्हंजे त्याइनं फी घेतली, शिकवलं, काळा झगा घालून फोटो काढला, अन् मंग म्हणे आता घरी जा बाबू. बरं झालं मस्कतवाल्यानं बोलावलं. नाई तं गावात लोक बोलून राह्यले होते, देवाजीचा पोरगा एवढा शिकला अन् सायबर कॅफेत बसून राह्यला. मी नाई बोललो. बोललो — एकदोन डाव मीबी बोललो. झाला तुहा फोटो. बस, चहा येते.

आमच्या अरीबाचंबी तसंच झालं नं. स्कॉलरशिपवर गेली, जमिनीतल्या पाण्याचं शिकली, वापस आली. तिची अम्मी, सईदा, म्हणे, पोरगी डोळ्यासमोर आली हेच लय झालं. मीबी तेच म्हणो. रोज सकाळी चहा घेऊन इथीच यायची, तू बसला त्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या गोष्टी सांगून हासवायची मले. मंग जायची अर्ज टाकाले. आठ महिने असे गेले. लय चांगले गेले. अन् मंग आलं आयर्लंडहून पत्र — नोकरी पक्की, घर देतो, ये. फोटो तेवढा राह्यला.

फोटो मुंबईच्या व्हिसा ऑफिसातून दोन डाव वापस आला. हळू बोल, मांगं घरातच आहे ते. पह्यल्या डावाले म्हणे, मांगं सावली पडली. दुसऱ्या डावाले म्हणे, पासपोर्टात लिहून आहे डाव्या गालावर तीळ, अन् फोटोत तीळच नाई. आता आम्ही लग्नाच्या पोरींचे फोटो काढणारे लोक. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की तीळ गेला, देवीचे व्रण गेले, सासरचे लोक खूश. हाताले सवयच ते. दुसरं काय?

काऊन असा पाहून राह्यला? सवय म्हणलो नं. बावीस वर्षाचा धंदा आहे माहा, सावली कशी पडते मले — हाव. समजते. पेन्सिल उचलली तवाबी समजत होतं. तिचा पासपोर्ट समोरच उघडा पडून होता. मनात म्हणलं, आणखी पंधरा दिवस राहीन पोरगी. पंधरा दिवसानं कोणाचं काय जाते?

जाते. काल फोन आला आयर्लंडवाल्याइचा. सोमवारपर्यंत कागद मुंबईले पोचले नाई तं दुसऱ्याले घेतो म्हणे. फोटो आजच्या कुरिअरनं गेला तं पोचते, नाई तं गेली नोकरी. सईदा म्हणे, चंद्रपूरले जा, तिथी कॉम्प्युटरवर दहा मिनिटात निघते. तं ते पोरगी म्हणते कशी — अब्बा असताना मी दुसऱ्याकडं काऊन जाऊ? त्या ऑफिसवाल्याइलेच फोटोतलं समजत नाई. आता केस विंचरून राह्यली, तिसऱ्या डावासाठी. लय वाईट काम केलं मी, कुलदीप. माह्यावर तिचा एवढा भरोसा आहे की शक करणंच तिच्या मनात येत नाई.

उठू नको. नाई, उठ — स्टूल रिकामा कर, अन् इथी कॅमेऱ्याजवळ ये. लाईट मी लावतो. सावली नाई पडणार, पाह्य. फोकसबी मी धरतो. बटन तेवढं तू दाबजो. काऊन म्हंजे? माह्यानं होत नाई म्हून. तिले काई सांगू नको. मी म्हणीन, हात दुखून राह्यला.

अरीबा, ये बेटा. बस. केस कानामागं घे. मान थोडी वर — बस, तशीच. माह्याकडं नाई बेटा, तिकडं पाह्य, कॅमेऱ्यात.

दाब, बाबू.